अकरा मुलाखती म्हणजे किती?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अकरा मुलाखती पुरेत की अजून घेऊ, असं विचारतेस. फोनवर तू "बाबा, सरळ आकडा सांगा" म्हणतेस आणि मी सांगायला लागलो की "नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहून पाठवतोय. आकडाच हवा असेल तर आधी देऊन टाकतो: बारा. इंटर्नल मेडिसिनच्या बारा खऱ्या मुलाखती झाल्या की थांब. आता हा बारा कुठून आणला ते वाच.

पहिली गोष्ट, तुझ्याकडे अकरा नाहीत. तू पाठवलेली एक्सेलची यादी मी नीट पाहिली. त्यातल्या दोन जागा प्रिलिमिनरी आहेत, एका वर्षाच्या. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा हेच सगळं. पसंतीच्या यादीच्या तळाशी त्या खुशाल ठेव, पण मोजताना धरू नकोस. तीन वर्षांच्या कॅटेगोरिकल जागा म्हणशील तर नऊच भरतात. जानेवारीसाठी ज्या तीन ठिकाणांहून उशिरा बोलावणं आलंय, ती तिन्ही घे. संध्याकाळी साडेसहाला ब्लेझर घालून बसायचं आणि रात्री बारापर्यंत हसऱ्या चेहऱ्याने बोलत राहायचं, याचा वीट आला असेल हे मला कळतं. तरी घे. नऊ आणि तीन बारा.

आता टक्के. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकन नागरिक नसलेल्या उमेदवारांपैकी 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी साधारण 58 टक्क्यांना जागा मिळाली. तिथल्याच कॉलेजांतून एमडी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचं हेच प्रमाण 93 च्या आसपास असतं. हा 58 तुझ्या डोक्यात घर करून बसलाय. पण तो सरसकट आकडा आहे. एकच मुलाखत मिळालेला त्यात आहे आणि पंधरा मिळालेलाही आहे. मॅच, म्हणजे उमेदवारांच्या आणि हॉस्पिटलांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा देण्याची पद्धत, चालवणारी संस्था एनआरएमपी स्वतःच आलेख काढते: उमेदवाराच्या यादीत एकाच शाखेची सलग किती नावं होती आणि तितकी नावं असलेल्यांपैकी किती जणांना जागा मिळाली. रेघ सुरुवातीला झपाट्याने चढते आणि दहा-बाराच्या पुढे जवळजवळ आडवी होते.

ती का वाकते हे मी वर्गात शिकवायचो तसं सांगतो. समज, एकेका ठिकाणी तुला जागा मिळण्याची शक्यता पाचात एक. मग नऊ मुलाखतींत कुठेतरी एक लागण्याची शक्यता 87 टक्के निघते, बारांत 93, पंधरांत 96, विसांत 99. नवावरून बारावर गेलीस तर सहा टक्के पदरात पडतात. पंधरावरून वीसवर जाण्यासाठी पाच मुलाखती खर्च केल्यास, तर तीन. 'पाचात एक' मी धरलेला आहे, कुणी छापलेला नाही. एका जागेमागे दहा-पंधरा जणांना बोलावतात म्हणून तू घाबरतेस, पण त्यांतले चांगले चांगले दुसरीकडे जातात आणि प्रोग्रॅमला, म्हणजे त्या हॉस्पिटलला, आपली यादी बरीच खाली उतरावी लागते.

या हिशेबात एक खोट आहे, आणि तुझ्या बाबतीत खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक मुलाखत स्वतंत्र आहे असं मी गृहीत धरलं. नाणं स्वतंत्र असतं, माणूस नसतो. बाराही खोल्यांत तूच जाणार. पास होऊन झालेली वर्षं तीच, व्हिसा लागणार तोही तोच. एखाद्या प्रश्नाला तू अडखळत असशील तर बारा ठिकाणी अडखळशील, आणि मग बाराच्या वीस केल्या तरी फारसा फरक पडणार नाही. तुझ्या रूममेटकडे बावीस आहेत म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. मुलाखती ऑनलाइन झाल्यापासून, म्हणजे 2020 च्या हंगामापासून, विमानाचं तिकीट लागत नाही, म्हणून ज्यांना मिळतात ते गोळा करत सुटतात. त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेला पत्र काढून सांगावं लागलं होतं, की गरजेपेक्षा जास्त असतील तर सोडा, दुसऱ्याला मिळू द्या. तुला ही जानेवारीची बोलावणी आली ती बहुधा अशाच कुणीतरी सोडलेल्या जागांवर. तुझ्याकडेही तेरावी, चौदावी आली आणि तिथे तुला मुळात जायचंच नसेल, तर वेळेत कळवून मोकळी कर.

अडखळण्याचं बोलायचं तर, परवा तू माझ्यासमोर सराव केलास तेव्हा "एमबीबीएसनंतरच्या वर्षात काय केलंत" याला तू "सरकारी बाँड होता, कम्पल्सरी होतं" असं उत्तर दिलंस. जणू शिक्षा भोगून आलीस. अगं, धडगावकडच्या त्या आरोग्य केंद्रातून पावसाळ्यात रात्री तू फोन केला होतास, आठवतं? साप चावलेली बाई, पापण्या जड झालेल्या, तू एकेक करून सर्पविषावरच्या औषधाच्या दहा व्हायल सलाइनमध्ये घातलेल्या आणि 108 ची गाडी घाटात अडकलेली. मास्तरीण असल्यासारखी नर्सला तू वेळ लिहून घ्यायला लावत होतीस: किती वाजता काय दिलं, श्वास किती. पहाटे तिने पाणी मागितल्यावर तू मला पुन्हा फोन केलास. ज्या प्रोग्रॅममध्ये पहिल्याच वर्षी रात्रपाळीत वॉर्ड तुझ्या हवाली करणार आहेत, त्यांना हे ऐकायचं असतं. कम्पल्सरी हा शब्द काढून टाक. एवढी एक दुरुस्ती तुझ्या पाचातल्या एकाला चारातला एक करेल, आणि ती बाराही ठिकाणी लागू पडेल. चारात एक धरला तर नऊ मुलाखतींतच 92 होतात, हवं तर करून बघ.

आता यादीचा क्रम. इथे तुझ्या डोक्यात आपल्याकडचा प्रवेशाचा कॅप राउंड आहे. आपल्याकडे गुणवत्ता यादी एकच असते आणि सगळी कॉलेजं तीच मानतात. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची यादी वेगळी. "मिळण्यासारखं आहे ते वर टाकते" असं तू म्हणालीस, ते करू नकोस. मॅचचं यंत्र आधी तुझ्या पहिल्या पसंतीला विचारतं. तिथे जागा असली तर तुला तात्पुरतं बसवतं. नंतर त्यांच्या यादीत तुझ्यावर असलेला कुणी आला तर तुला उठवतं आणि दुसऱ्या पसंतीकडे नेतं. आणि तिथे तू 'दुसऱ्या पसंतीची' म्हणून उशिरा आलीस असं कुणी मोजत नाही. त्यांच्या यादीत तू ज्याच्या वर आहेस तो आधीच बसला असला तरी त्याला उठवून तुला बसवतात. म्हणजे वर अवघड नाव ठेवल्याने खालचं हातचं जात नाही. गेल आणि शॅप्ली यांनी 1962 मध्ये हे गणित मांडलं, रॉथ यांनी ते मॅचसाठी नव्याने बांधलं, 1998 पासून तसंच चालतं, आणि 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. (गेल तोवर हयात नव्हते. याची मला उगाच हळहळ वाटते.) तेव्हा जिथे जावंसं वाटतं तेच वर.

नॉर्थ डकोटातलं ते नाव तू यादीतून काढणार आहेस म्हणे, थंडी आणि एकटेपणा म्हणून. काढायला माझी हरकत नाही, पण एकच प्रश्न स्वतःला विचार: मार्चमधल्या त्या सोमवारी 'जागा नाही' असा ईमेल आला, तर नॉर्थ डकोटा बरं होतं असं वाटेल का? वाटणार असेल तर तळाच्या त्या दोन प्रिलिमिनरींच्या वर ठेव, यादी लांब झाल्याने वरच्या नावांचं काहीच बिघडत नाही. नसेल वाटणार तर काढच, कारण मॅच लागला की तो बंधनकारक असतो, आवडलं नाही म्हणून मागे फिरता येत नाही.

आणि यादी भरून नुसती ठेवू नकोस, सर्टिफाय कर, म्हणजे ती पक्की असल्याचं नोंदव. मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. सर्टिफाय न केलेली यादी धरतच नाहीत. फेब्रुवारीतच एकदा करून टाक, पुढे क्रम बदलावासा वाटला तर मुदतीपर्यंत बदलता येतो.

शनिवारी फोन कर आणि धडगावचं उत्तर मला इंग्रजीत म्हणून दाखव, दोन मिनिटांत बसवून. माझं इंग्रजी साताऱ्याच्या कॉलेजातलं आहे. तेवढ्यात मला कळलं तर शिकागोवाल्यांनाही कळेल. आईने विचारलंय, ब्लेझर ड्रायक्लीनला टाकायचा का, की मधे वेळच नाही.

तुझा,
बाबा