मत कायले द्यायचं म्हणणाऱ्यांसाठी

संपादक साहेब,

कापूस वेचता वेचता बाया बोलत होत्या, "कोणीबी आलं तरी भाव तोच, मत कायले द्यायचं?" राग खरा आहे, निवडून दिलेला माणूस दुसऱ्याच पक्षात जाऊन बसतो तेव्हा मलाही वाटतं बोटाची शाई फुकट गेली. पण मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या वार्डात दोघांना सारखीच मतं पडली, मग एका लहान पोरीच्या हातानं चिठ्ठी काढली अन् त्या चिठ्ठीवर पाच वर्षांचा मेंबर ठरला, आणि आमच्या घरची दोन मतं पडलीच नव्हती, मी अन् भाऊ सोयाबीन काढण्यात होतो. अजून मनाला लागतं ते. नळाची लाइन आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबली.

कोणीच पटत नसेल तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे, ते दाबा, पण जा तर खरं! गडचिरोलीत नक्षलवादाच्या भीतीनं मतदान दुपारी तीनलाच बंद व्हायचं, तरी २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरचा आकडा ७० टक्क्यांच्या वर गेला.

यावेळी सोयाबीन शेतात राहिलं तरी चालेल, आईला गाडीवर बसवून सकाळी सातलाच शाळेत नेणार आहे.

- एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ