बी पाठवत नाही, त्याचं कारण

प्लमस्टेड, केप टाउन
१७ ऑगस्ट २०२४

प्रिय वासंती,

परवा माझ्या अंगणातल्या झुडपाचा फोटो बघून तू म्हणालीस, "अगं, किती गोड फूल! येताना थोडं बी घेऊन ये, माझ्या गच्चीत लावते." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला लागले. तुला ते कळलं असणारच. तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून आज सकाळची कामं आवरून लिहायला बसले.

आधी ते फूल तरी नीट सांगते, फोटोत ते अर्धंही येत नाही. झुडूप माझ्या कमरेएवढं. पानं शेपूसारखी बारीक, पण हाताला कडक. फांदीच्या टोकाशी तीन-चार फुलं, सगळ्यांच्या माना जराशा खाली. आपण पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. बोगनवेलीसारखी ती रंगीत पानं, कागदासारखी पातळ, सायीच्या रंगाची आणि त्यावर फिकट गुलाबी झाक. मधे रेशमी केसांचा झुबका. आज सकाळी रात्रीच्या पावसाचा एक थेंब त्या केसांवर अडकून बसला होता. मी चहाचा कप घेऊन उभी होते तेवढा वेळ तो खाली उतरला नाही.

इंग्रजीत याला 'ब्लशिंग ब्राइड' म्हणतात, म्हणजे लाजरी नवरी. शास्त्रीय नाव सेरुरिया फ्लोरिडा. मूळचं ते फक्त फ्रान्सहुकच्या डोंगरातलं, इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, आणि तिथंही अगदी थोड्या जागेत. शेजारच्या टानी (इथं वडीलधाऱ्या बाईला टानी म्हणतात) सांगतात की पूर्वी फ्रान्सहुकची मुलं मुलीला मागणी घालायला जाताना हे फूल कोटाला लावून जायची. फूल जितकं गुलाबी तितका मुलगा मनापासून आला आहे, असं मुलीकडच्यांनी समजायचं.

याची गोष्ट मोठी विलक्षण आहे. थुनबर्ग नावाचा स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ १७७२ ते १७७५ या काळात केपमध्ये होता, त्यानं हे झाड पहिल्यांदा गोळा केलं. त्यानंतर शंभरएक वर्षं ते कुणाच्या दृष्टीलाच पडलं नाही. नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. मग १८९१ च्या सुमारास मॅकओवन नावाच्या प्राध्यापकांना ते पुन्हा सापडलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एवढं देखणं झाड शंभर वर्षं लपलं तरी कुठं? उत्तर आगीत आहे.

आम्ही जानेवारी २०१५ मध्ये इथं आलो. सामान अजून खोक्यांतच होतं आणि १ मार्चला म्यूझेनबर्गच्या वरचा डोंगर पेटला. चार-पाच दिवस जळत होता, पाच हजार हेक्टरच्या वर जळालं. आमच्या अंगणात राख पडत होती आणि रात्री खिडकीतून डोंगराची लाल कड दिसायची. मला रडू आवरेना. आपल्याकडे वणवा म्हणजे नुसतं नुकसान, हेच लहानपणापासून बघितलेलं. टानी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "दोन आठवडे थांब." आणि दोन आठवड्यांनी मला सिल्व्हरमाइनला घेऊन गेल्या. सगळं काळंठिक्कर, चालताना बुटाखाली कोळसा करकरायचा, आणि त्या काळ्यातून हातभर उंचीच्या नुसत्या दांड्यांवर लालभडक लिली फुललेल्या. एक पान नाही, फक्त फुलं. फायर लिलीच म्हणतात तिला.

इथल्या या सगळ्या झुडपी रानाला फेनबॉस म्हणतात, बारीक पानांची झुडपं अशा अर्थानं. केपच्या या टापूत सुमारे नऊ हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. हे रान दहा-पंधरा वर्षांनी एकदा जळावं अशाच बेतानं जगतं. आपली नवरी तर जेमतेम सहा-सात वर्षं जगते. मग तिचं बी जमिनीत निजून राहतं, आग येईपर्यंत. मधल्या काळात कुणी डोंगरावर गेला तर त्याला काही दिसणारच नाही.

वासंती, अशी दोन झाडं मी माझ्या हातानं मारली आहेत. हे तुला फोनवर सांगता आलं नसतं.

पहिलं २०१६ मध्ये आणलं, रोपवाटिकेतून, कळ्यांसकट. तुला आमच्या आईचे गुलाब आठवतात ना? दर दसऱ्याला शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा. मीही तेच केलं. चांगलं दोन मुठी बोनमील घालून माती खालीवर केली, वरून कुजलेलं शेणखत. तीन आठवड्यांत पानांची टोकं काळी पडली, मग पिवळी, मग सगळं झाड वाळून उभंच्या उभं राहिलं. मला वाटलं खत कमी पडलं. आणखी घातलं.

पुढं किर्स्टनबॉशच्या बागेत एका माळ्यानं समजावून सांगितलं. इथली माती इतकी नापीक, की तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ नाहीच. म्हणून या कुळातल्या झाडांनी वेगळीच मुळं काढली, जमिनीच्या अगदी वरच्या थरात, बाटली धुवायच्या ब्रशसारखी दाट. ती मुळं आम्ल सोडतात आणि मातीत घट्ट धरलेला स्फुरदाचा कण न् कण सोडवून घेतात. पिढ्यानपिढ्या मिळेल तेवढं ओढून घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पुरे कधी म्हणायचं, हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नाही. मी त्यांच्यापुढे स्फुरदानं भरलेलं दोन मुठी बोनमील ओतलं. शिवाय माती खालीवर करताना तीच वरची मुळं तोडली.

दुसरं झाड मी खताचं बोट न लावता लावलं. पण २०१८ चा दुष्काळ आला. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर पाणी, आंघोळ-स्वयंपाक-धुणं सगळं त्यातच. 'डे झीरो' म्हणजे नळ कोरडे पडायचा दिवस. त्याची तारीख रोज पेपरात यायची. आम्ही आंघोळीला टबात उभे राहायचो आणि ते पाणी झाडांना. मीही नवरीला रोज अर्धी बादली घालत होते, स्वतःची आंघोळ तोडून. त्या पाण्यातला साबण, धुण्याच्या पावडरीतला क्षार आणि स्फुरद माझ्या लक्षातच आला नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तोवर ती गेली होती. तहानेवर ती कदाचित तगलीही असती, माझ्या बादलीवर तगली नाही. अजूनही आठवलं की जीव तुटतो.

तिसऱ्या वेळी ठरवलं, बियांपासून करायचं, सगळं तिच्या पद्धतीनं. १९९० मध्ये डी लांगे आणि बाउशर या दोघांनी दाखवून दिलं होतं की फेनबॉसचं बी उगवायला आगीची धग लागतेच असं नाही, धूरही पुरतो. पुढं २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी धुरातलं नेमकं ते द्रव्यही शोधून काढलं. इथं धुराचं पाणी पाजून वाळवलेला टिपकागद पाकिटात मिळतो. तो थोड्या पाण्यात भिजवायचा आणि बी त्यात एक दिवस ठेवायचं. मी वाटीत कागद टाकला आणि स्वयंपाकघरभर तुझ्या आजीच्या चुलीचा वास सुटला. खरं सांगते, तीच सकाळची चूल, फुंकणीनं फुंकून झाल्यावरची.

एप्रिल २०१९ मध्ये पेरलं. एप्रिल म्हणजे इथं पानगळ; दिवस उबदार आणि रात्री गार व्हायला लागतात, तो फरक बियाला कळावा लागतो. दोन भाग जाडी वाळू आणि एक भाग झाडाच्या सालीचा भुगा, वर सेंटिमीटरभर वाळूचा थर. महिन्यानं चौदा बिया उगवल्या. पाच मर लागून गेल्या, चार मी टानींना दिल्या. जमिनीत लावलेल्यांतलं एक आज खिडकीसमोर उभं आहे.

आता तिचं मी काय करते, तर फार थोडं. वाळूचा उंचवटा करून त्यावर ती लावली आहे, पाणी खाली थांबतच नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळीच, बुंध्याशी भरपूर पाणी. दुपारी कधीच नाही, कारण तापलेली ओली माती मिळाली की मूळकूज होते आणि ती लागली की झाड दोन दिवसांत जातं, औषधाला वेळ मिळत नाही. भोवती सालीचा थर. तण उपटत नाही, कात्रीनं जमिनीसरशी कापते. आग्नेयेचा वारा सुटला की शेजाऱ्यांच्या कुंड्या उलटतात, पण तिला तो वारा हवाच असतो, पानं कोरडी राहतात. फुलं मात्र मनसोक्त कापते, लांब दांडीसकट, खाली हिरवी पानं राहतील इतपत. तेवढी छाटणी तिला मानवते, आणि कापलेली फुलं फुलदाणीत वाळली तरी तशीच्या तशी राहतात.

बी काढणं हे मात्र खरं काम. प्रत्येक बियाला एक गोडसर गर असतो. डोंगरात तिथल्या मुंग्या त्या गरासाठी बी बिळात ओढून नेतात, गर खातात आणि बी जमिनीत सुरक्षित राहतं. पण इंग्रज आणि बोअर (इथले डच वंशाचे शेतकरी) यांच्या युद्धाच्या वेळी घोड्यांच्या चाऱ्यातून आल्या म्हणतात त्या अर्जेंटिनाच्या मुंग्या आमच्या अंगणातही आहेत. त्या गर जागेवरच खातात आणि बी उघड्यावर टाकतात, उंदरांना. म्हणून फूल सुकायला लागलं की मी त्यावर जुन्या मलमलीच्या साडीचे तुकडे पुरचुंडीसारखे गाठी मारून बांधते. तुझ्या बारशाची ती निळी साडी, तिचेच तुकडे आहेत.

आता तुझ्या गच्चीचं. इथं पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. साताऱ्याला जून ते सप्टेंबर ऊबही असते आणि पाणीही, म्हणजे मूळकुजीला हवं ते सगळं. तू तिला जीव लावशील, मला माहीत आहे, आणि ती पहिल्या पावसाळ्यात जाईल. तुला तो अनुभव मी कसा पाठवू? शिवाय बी असं पर्समधून नेता येत नाही, दोन्हीकडच्या परवानग्या आणि रोग नसल्याचा दाखला लागतो. ते एक बरंच आहे. त्या मुंग्या कशा आल्या ते तुला आत्ताच सांगितलं.

माझं हे झाड आता सहाव्या वर्षात आहे. खालच्या फांद्या उघड्या पडल्या आहेत, फुलं गेल्या वर्षीपेक्षा कमी. पुढच्या थंडीत असेल की नाही, सांगवत नाही. नोव्हेंबरात पुरचुंड्या सोडीन आणि एप्रिलमध्ये पुन्हा पेरीन. पुढच्या ऑगस्टमध्ये तू इथं ये. माझी नसली तर टानींची आहे, आणि दोघींच्या नसल्या तर किर्स्टनबॉशला नेईन.

आणि तू कासच्या पठारावर कधी जाणार आहेस? तिथल्या खडकावर बोटभर माती असते, तिच्यात पोषण नाही, म्हणूनच दवबिंदू नावाचं ते इवलंसं रोप किडे धरून खातं, हे आपल्याला शाळेत बाईंनी दाखवलं होतं, आठवतं? त्याचे भाऊबंद इथं टेबल माउंटनवरही आहेत, तशाच चिकट थेंबांचे. सीतेची आसवं फुलली असतील तर त्यांचा फोटो पाठव, आणि दवबिंदूचा अगदी जवळून, थेंब दिसेल असा.

गुडघ्याला शेक चालू ठेव.

तुझी,
मंगल