आमच्या नावाची राखण विकत का घ्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी मागणी केली होती की, अश्लील मजकुरासाठी राखून ठेवलेली 'डॉट ट्रिपल एक्स'सारखी (.xxx) डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, सरकारनं सरसकट बंद करावीत, म्हणजे मुलं सुरक्षित राहतील. त्यांची कळकळ मला पटते. पण कुलूप भलत्याच दाराला लागतंय. हे मी ऐकीव सांगत नाही. जुन्या इंदुरातल्या एका लहान मराठी वाचनालयाची मी नऊ वर्षं चिटणीस होते, तिथे काय घडलं ते सांगते.

२०१३ मध्ये आमच्या एका सभासदाच्या भाच्यानं वाचनालयाची वेबसाइट हौसेनं बनवून दिली. 'डॉट कॉम'मधलं नाव त्यानंच घेतलं, स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्या नावावर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरचाच मुलगा. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तिथून परदेशी. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या कॉलेजच्या जुन्या ई-मेलवर येत राहिल्या आणि तो ई-मेल तोही उघडत नव्हता. २०२१ मध्ये मुदत संपली.

मुदत संपली म्हणून नाव त्याच दिवशी हातचं जात नाही. नाव विकणाऱ्या कंपन्या साधारण महिनाभर, कधी ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणासाठी वाढीव मुदत देतात. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून ते सोडवता येतं. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि नंतर जो आधी मागेल त्याचं. म्हणजे आम्हाला दोन महिन्यांहून जास्त वेळ होता. त्या दोन महिन्यांत आमच्यापैकी एकानंही स्वतःची वेबसाइट उघडून पाहिली नाही. ही चूक आमची आणि चिटणीस म्हणून आधी माझी.

२०२२ च्या गणेशोत्सवाची पत्रिका नेहमीप्रमाणे छापली. पिवळा कागद, वर गणपती, आत व्याख्यान, मुलांच्या स्पर्धा, अथर्वशीर्षाची आवर्तनं आणि तळाशी वेबसाइटचा पत्ता. चारशे घरांत ती गेली. तिसऱ्या दिवशी एका आजींचा फोन आला. स्पर्धेचे नियम पाहायला त्यांच्या पाचवीतल्या नातीनं तो पत्ता मोबाइलवर टाकला होता. आजी एवढंच म्हणाल्या, "बाई, तुम्ही स्वतः एकदा उघडून बघा." मी उघडलं. वर आमच्या वाचनालयाचं नाव आणि खाली जे होतं ते मी इथे लिहू शकत नाही. आमचे अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे. ते दोन दिवस वाचनालयात आले नाहीत, तिसऱ्या दिवशी राजीनामा लिहूनच आले. आम्ही तो घेतला नाही. पण त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

नाव विकणाऱ्या कंपनीनं कळवलं की नाव मोकळं होतं आणि आता ज्यानं घेतलं त्याचं ते आहे. सायबर पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, पण नाव परत मिळवून देणं त्यांच्या हातात नव्हतं. डोमेनच्या वादासाठी १९९९ पासून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, असं एका वकील सभासदांनी शोधून काढलं. त्यात नावावर आपला ट्रेडमार्कचा हक्क आहे, समोरच्याचा रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. जिनिव्याच्या 'वायपो' या संस्थेकडे एका पंचापुढच्या तक्रारीची फीच १५०० डॉलर. लाखाच्या वर रुपये! तेवढ्यात आमची कित्येक वर्षांची पुस्तकखरेदी होते. आणि ट्रेडमार्क? कोणत्या वाचनालयानं आजवर तो घेतला आहे?

आता वाचकांनी ज्याबद्दल लिहिलं, त्या डॉट ट्रिपल एक्सकडे येते. टिंबानंतरचा भाग म्हणजे वेबसाइटचं आडनाव समजा. अशा मजकुराला वेगळं आडनाव द्यावं, म्हणजे पालकांना गाळणं सोपं जाईल, ही कल्पना २००० पासूनची. डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन'नं ती २००६ मध्ये नाकारली, २००७ मध्ये पुन्हा नाकारली आणि शेवटी मार्च २०११ मध्ये मंजूर केली. गंमत नव्हे, पण धार्मिक संघटनांचा तिला विरोध होता आणि अश्लील धंद्यातल्यांच्या संघटनेचाही. मात्र जुन्या नावावरून उठून तिकडे जाण्याची सक्ती कुणावरच केली नाही. त्यामुळे ते सगळं बहुतांशी डॉट कॉमवरच राहिलं. आमचं नाव ज्यानं पळवलं तोही डॉट कॉमवरच होता. उद्या डॉट ट्रिपल एक्स पूर्ण बंद केलं, तरी त्या नातीला जे दिसलं ते दिसलंच असतं.

त्या आडनावानं आणखी एक पायंडा पाडला, माझा खरा राग त्यावर आहे. २०११ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्यांनाही ते आडनाव चालवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की, तुमचं नाव तिथे कुणी घेऊ नये असं वाटत असेल तर सुमारे २०० डॉलर भरून ते अडवून ठेवा. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तरच. अमेरिकेतल्या विद्यापीठांनीसुद्धा आपली नावं अशी अडवली. २०१५ मध्ये 'डॉट पॉर्न' आणि 'डॉट अ‍ॅडल्ट' आली, पाठोपाठ 'डॉट सेक्स', आणि आता या चारही ठिकाणी नाव एकदम अडवण्याची योजना वर्षावर पैसे घेऊन विकली जाते. आमच्या प्रकरणानंतर महिन्याभरात अशाच एका विक्रेत्याचा ई-मेल वाचनालयाला आला: आपलं नाव कुणी बदनाम करण्याआधी सुरक्षित करा. चोरी झालेल्या घरी दुसऱ्या दिवशी कुलूपवाला यावा, तसा. पण कुलूपवाला निदान आपलं कुलूप विकतो, इथे तर दार उभारणाराच पैसे मागतो आहे. ज्याला तिकडे जायचं नाही, त्यानं न जाण्याचे पैसे का भरावेत?

सज्ञान माणसानं काय पाहावं, हा माझ्या पत्राचा विषय नाही. तो वाद आपल्याच गावातून सर्वोच्च न्यायालयात गेला. इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी २०१३ मध्ये याचिका केली, ती प्रलंबित असताना ३१ जुलै २०१५ ला सरकारनं ८५७ वेबसाइट बंद करायचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो बराचसा मागे घेतला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ बंद झाल्या. एका मोठ्या वेबसाइटनं लगेच डॉट कॉमऐवजी 'डॉट नेट' लावून दुकान पुन्हा उघडलं. लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर मात्र वेगळा. तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, आणि तिथे दयामाया नकोच.

माझं मागणं साधं आहे. 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' ही आपल्या देशाची आडनावं, 'निक्सी' ही संस्था त्यांचा कारभार पाहते. शाळा, वाचनालय, देवस्थान, महिला मंडळ अशा नोंदणीकृत संस्थेचं नाव सुटलं तर ते निदान वर्षभर कुणालाही विकू नये आणि संस्थेला पत्रानं कळवावं. शाळा-कॉलेजांसाठी 'डॉट एसी डॉट इन' आणि 'डॉट ईडीयू डॉट इन' ही राखीव नावं आहेतच, ती बाहेरच्याला मिळत नाहीत. आपल्या शाळांनी ती घ्यावीत. आणि जगभरच्या त्या चार आडनावांत संस्थांची नावं अडवायची असतील तर ती फुकट अडवली जावीत, असं आपल्या सरकारनं आयकॅनच्या बैठकीत मांडावं. तिथे सरकारांचं सल्लागार मंडळ आहे, भारत त्यात बसतो.

इंदूरच्या मराठी मंडळांना एक विनंती. या आठवड्यात एवढं पाहा की तुमच्या वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे आणि सूचना कुणाच्या ई-मेलवर जातात. भाच्याच्या, जावयाच्या नावावर असेल तर संस्थेच्या नावावर करून घ्या. आम्ही आता नवं नाव घेतलं आहे आणि त्याची मुदत वाचनालयाच्या फळ्यावर, विजेच्या बिलाच्या तारखेखाली लिहिलेली असते.

जुनं नाव परत मिळालेलं नाही. ज्यांच्या घरी २०२२ ची ती पिवळी पत्रिका अजून असेल, त्यांनी कृपया तळाचा पत्ता पेनानं खोडून टाकावा.

आपली,
एक निवृत्त चिटणीस, इंदूर