रविवारची तासिका आणि बंद पडलेले कपाट

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, आमच्या महाविद्यालयात सर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालून होतो न होतो तोच पत्र आले की, पर्यावरण प्रयोगशाळेतील बीओडी इन्क्युबेटरच्या, म्हणजे सांडपाण्याचे नमुने ठरावीक तापमानाला ठेवायच्या कपाटाच्या, दुरुस्तीचा प्रस्ताव निधीअभावी परत करण्यात येत आहे. दोन वर्षांपूर्वी पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी याच यंत्रासमोर चहा घेत ‘महिनाभरात करून देतो’ असे सांगितले होते. तो महिना जरा लांबला, एवढे नम्रपणे नमूद करतो.

एका कपाटावाचून असे काय अडले, असे आपणास वाटेल. सांडपाण्याचा नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी त्यातला किती प्राणवायू संपवला ते मोजायचे, ही आमच्या विषयाची बाराखडी आहे. थंडावा राखणारा कॉम्प्रेसर गेल्यापासून बाहेर जे तापमान तेच आत. मूल्यांकन समिती येणार म्हणून कपाटाला पांढरा रंग मात्र दिला गेला. मुले प्राणवायू मोजायला ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडतात, स्टार्चचा निळा रंग उडताना टक लावून पाहतात आणि मग वरच्या वर्गाच्या जर्नलमधून आकडे उतरवून घेतात, कारण स्वतःचे आकडे धड जुळत नाहीत. अकरा वर्षांत सहा-सातशे मुले माझ्या हाताखालून गेली असतील. त्यांतल्या निम्म्यांनी तरी अशीच उतरवाउतरव केली असणार. उद्या मैलाशुद्धीकरण केंद्रांचे अहवाल तीच लिहिणार आहेत.

माझे म्हणाल तर मी पीएच.डी. आहे आणि तासिका तत्त्वावर आहे. मानधन मार्चपासून थकले आहे. प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाल्यापासून बाटल्याही मीच धुतो. गुरुवारी ठेवलेला नमुना रविवारी उघडावा लागतो आणि रविवारची तासिका कोणी मोजत नाही. जिवाणूंना सुट्ट्यांचे परिपत्रक अद्याप पोहोचलेले नसावे. पत्नी म्हणते, नदीचे पाणी मागाहून तपासा, आधी घरची पाणीपट्टी भरा.

2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला, आणि दोन्ही वेळा राज्याला एकदम पुलांच्या तपासणीची आठवण झाली. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा विहिरी आणि टाक्यांच्या पाण्याचे नमुने घेण्याची धावपळ उडाली. माणसे दगावली की तज्ज्ञ हवे असतात. ते तज्ज्ञ जिथे घडायचे तिथे 1854 पासून पुण्यात अभियांत्रिकी शिकवत आलेले हे राज्य तासाच्या हिशेबाने माणसे नेमते, तोही हिशेब वेळेवर चुकता करत नाही, आणि वर आमच्याकडूनच दर्जेदार संशोधनाची अपेक्षा करते. बंद कपाटावर कसले संशोधन करायचे? गंजाचे?

कॉम्प्रेसर बदलून द्या, सहायकाचे पद भरा, थकलेले मानधन द्या. याहून अधिक मागण्याची आमची ऐपत नाही.

या गुरुवारी पुन्हा बारा बाटल्या भरायच्या आहेत. थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या गोणपाटाखाली ठेवीन आणि रविवारी सकाळी दहाला उघडीन. आपण किंवा ते अधिकारी आलात, तर चहा या वेळीही आमच्याकडूनच.

आपला,
एक तासिका शिक्षक