ताई, तुम्ही लॅपटॉप फिरवलात त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचे आभार चार लोकांदेखत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

समाजकार्यकर्ती म्हणून तुमच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा केसच्या नोंदी नुकत्याच सॉफ्टवेअरमध्ये भरायला लागलो होतो. समोरचं माणूस बोलायचं आणि माझं लक्ष रकान्यांत. एकदा एक बाई सांगता सांगता थांबल्या, तरी माझं टायपिंग चालूच. तुम्ही शेजारून उठलात आणि लॅपटॉप न मिटता नुसता फिरवलात, आम्हा दोघींना स्क्रीन दिसेल असा. ‘तुमच्याबद्दल हे लिहिलंय. बरोबर आहे का बघा.’ त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. मी ‘भांडण’ लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मारहाण लिहा.’

पुढे ती फाइल ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही, अशांच्या हाती जाणार होती. तो एक शब्द चुकला असता तर?

मग २०२० आलं. गृहभेटी थांबल्या, सगळं काम फोनवर. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली मांडलेल्या, मदत मागणाऱ्या माणसाशी कसं वागावं याच्या सात तत्त्वांतली गोपनीयता मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पलीकडच्या खोलीचं दार लावलेलं आहे की नाही हे फोनवर दिसत नाही, ते विचारावंच लागतं, हे तुम्ही शिकवलंत. सुरुवातीचे प्रश्न ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे. कोणी खोलीत आलं तर उच्चारायचा एक शब्द आधीच ठरवलेला. फोन घरात सगळ्यांचा असेल तर मेसेज पाठवायचाच नाही. आणि मध्येच फोन कट झाला तर परत कोणी लावायचा, हेही बोलून ठेवलेलं.

उलटंही घडलं. समोर बसून महिनोन् महिने गप्प राहिलेला एक मुलगा मेसेजवर भरभरून लिहायला लागला. मी त्याच्या मागे लागले होते, प्रत्यक्ष ये म्हणून. भेटूनच खरं काम होतं, असं मला वाटायचं. तुम्ही अडवलंत. ‘त्याला जी वाट सापडलीय, तिथून येऊ दे.’ बऱ्याच दिवसांनी त्यानेच विचारलं, ‘मॅडम, भेटायला येऊ का?’

ताई, समोरच्या माणसाने वाचून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय मी आजही नोंद सेव्ह करत नाही. मनापासून आभार.

तुमची,
एक समाजकार्यकर्ती