पेनड्राइव्हवरचा मिंगस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादाकडे दिलेला पेनड्राइव्ह एव्हाना तुमच्या हातात पडला असेल. पहिल्या फोल्डरमध्ये बाबांचे नेहमीचे किराणा घराण्याचे गवई आहेत, त्याबद्दल मी काय लिहिणार! दुसऱ्या फोल्डरला नुसतं 'मिंगस' असं नाव दिलंय. हे पत्र त्या फोल्डरसाठी. फोनवर सांगायला गेले की बाबा "हो हो, ऐकतो" म्हणून विषय बदलतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच काढते.

चार्ल्स मिंगस हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय जॅझ वादक. वाद्य डबल बेस. व्हायोलिनच्याच कुळातलं, पण माणसाहून उंच. उभं राहून वाजवायचं, बहुतेक वेळा बोटांनी तारा छेडून. चार तारा आणि सगळा कारभार खर्जात. बँडमध्ये बेसवाला मागे उभा असतो. पुढचे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले टाळ्या घेतात, हा मागून सूर आणि लय दोन्ही धरून ठेवतो. बाबा, आयुष्यभर भजनी मंडळात साथीला बसलेल्या माणसाला मी हे समजावून सांगायला नको. मिंगसचं वेगळेपण असं, की तो मागेच उभा राहिला आणि तिथूनच अख्खा बँड त्याने ताब्यात घेतला. रचना त्याच्या, माणसं त्याने निवडलेली, आणि कुणी पाट्या टाकायला लागला तर भर कार्यक्रमात थांबवून सुनवायलाही कमी करायचा नाही.

जन्म १९२२ चा, ॲरिझोनातल्या नोगालेसचा. वडील सैन्यात होते. तान्हा असतानाच आई गेली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढला. आधी ट्रॉम्बोन, मग चेलो शिकला. ओढा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे होता, पण काळ्या पोराला तिथे कोण उभं करणार, तू आपला बेस घे, असं एका मित्राने सुनावलं. तो मित्र स्वतःही काळाच होता, त्यामुळे अनुभवाचे बोल होते ते. मग बेसची तालीम त्याने चांगली रीतसर घेतली, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या एका वादकाकडे.

ऐकण्याआधी एक काम करा. त्या छोट्या कारवां रेडिओला पेनड्राइव्ह लावू नका. त्याच्या स्पीकरला गाणं पेलतं, हा खर्ज पेलणार नाही. बेसच गाळून मिंगस ऐकण्यात काय अर्थ? दादाच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरला लावा, नाहीतर बाबांनी हेडफोन घालावेत. पहिली फाइल 'हेशियन फाइट साँग' आहे, १९५७ ची. सुरुवातीला एकटा बेस. घाई नाही, पण रोख असा की पुढे काहीतरी होणार हे कळतं. मग त्याच सुरावटीवर एकेक वाद्य येऊन बसतं आणि बघता बघता खोली भरते. बाकी काही नाही ऐकलंत तरी चालेल, ही पहिली दोन मिनिटं ऐका.

बेसवाल्याचा आवाज दाबला जातो हे दुखणं त्यालाही होतंच. १९५३ च्या मे महिन्यात टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पाच दिग्गजांचा कार्यक्रम झाला: चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती, त्यामुळे सभागृह बरंचसं रिकामं. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिंगस घरी घेऊन आला. ऐकतो तर काय, बेस नावालाच! मिंगस आणि रोच यांनी मिळून आदल्याच वर्षी 'डेब्यू' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. मग काय, पठ्ठ्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जाऊन मूळ टेपवर आपला बेस पुन्हा वाजवून चढवला आणि रेकॉर्ड बाजारात आणली. शुद्ध मैफिलीच्या भोक्त्यांना हे पाप वाटतं. मला मात्र हसू येतं. बाबा, मंडळाच्या कॅसेटमध्ये तबला ऐकूच येत नाही म्हणून तुम्ही किती वर्षं कुरकुर करताय?

माणूस म्हणून तो फार सोसवणारा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. ड्यूक एलिंग्टनला तो देव मानायचा. १९५३ मध्ये त्याच्या बँडमध्ये जागा मिळाली आणि एका सहवादकाशी हाणामारी करून थोड्याच दिवसांत घालवलीसुद्धा. १९६२ मध्ये तर जिमी नेपर या स्वतःच्याच ट्रॉम्बोन वादकाच्या तोंडावर ठोसा मारून त्याचा दात पाडला. ट्रॉम्बोनवाल्याचा दात गेला म्हणजे पोटावरच पाय. प्रतिभावंत आहे म्हणून असलं खपवून घ्यावं, असं मला अजिबात वाटत नाही. तरी गंमत बघा, पुढे नेपर पुन्हा त्याच्याकडे वाजवायला आला. त्या संगीतात असं काय असेल, हे मला त्यावरून जास्त कळलं.

आता आई, तुझ्यासाठी. 'मिंगस आह अम' ही १९५९ ची रेकॉर्ड अख्खी टाकली आहे. तिच्यातलं पहिलंच 'बेटर गिट इट इन युअर सोल' तू लाव. लहानपणी सावत्र आईबरोबर तो ज्या चर्चमध्ये जायचा तिथे लोक गाता गाता उठायचे, ओरडायचे, टाळ्या पिटायचे. ते सगळं यात आहे. सहाचा झुलता ठेका आहे, बाबा दादरा मोजत बसतील. मध्येच बाकीची वाद्यं गप्प होतात आणि नुसत्या टाळ्यांवर सॅक्सोफोन सुटतो. मागून मिंगसचं ओरडणं ऐकू येतं, कुणीतरी चुकून माइक चालू ठेवलाय असं वाटेल. चुकून नाही, तो तसाच वाजवायचा. तुला एकादशीच्या रात्रीची आठवण होईल. झाली नाही तरी माझं काही म्हणणं नाही.

त्याच्या पाठोपाठ 'गुडबाय पोर्क पाय हॅट'. लेस्टर यंग हा मोठा सॅक्सोफोन वादक मार्च १९५९ मध्ये गेला. पसरट टोपी घालायचा, ती त्याची खूण. दोन महिन्यांत मिंगसने त्याच्यासाठी ही रचना ध्वनिमुद्रित केली. संथ आहे, रडकी नाही. त्यात जॉन हँडी टेनर सॅक्सोफोन वाजवतो. एका सुराला तो असा थरथरवतो की पहिल्यांदा ऐकताना मला स्पीकर बिघडला असं वाटलं. बाबा, हा हँडी लक्षात ठेवा. यानेच पुढे १९७५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर 'करुणा सुप्रीम' केली आणि तिच्यात तबल्यावर झाकीर हुसेन आहेत. तीही टाकली आहे, फोल्डरच्या शेवटी. आधी तीच लावाल हे मला माहीत आहे.

आणि 'फेबल्स ऑफ फॉबस'. आई, तू वर्गावर उभी राहिलेली बाई, तुला हे सांगायलाच हवं. १९५७ मध्ये अर्कान्सॉ राज्यात लिटल रॉक नावाच्या गावी गोऱ्यांच्या हायस्कुलात नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसने काय करावं? शाळेच्या दारात बंदूकधारी नॅशनल गार्ड उभे केले, मुलांना अडवायला! शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर पाठवून त्या पोरांना वर्गात पोचवावं लागलं. मिंगसने या फॉबसवर गाणं रचलं. चाल मुद्दाम ठुमकत चालणारी, एखाद्या ढोंगी पुढाऱ्याची मागून नक्कल काढावी तशी. पण १९५९ च्या रेकॉर्डवर शब्द नाहीत, नुसतं वादन आहे. कोलंबिया कंपनीला ते शब्द नको होते, असं सांगतात. पुढच्या वर्षी 'कँडिड' या लहान कंपनीसाठी त्याने तेच गाणं शब्दांसकट केलं. ढोलवाला डॅनी रिचमंड आणि तो, दोघांचा सवाल-जवाब. हास्यास्पद माणूस कोण ते सांग, असं मिंगस विचारतो आणि रिचमंड एकेकाचं नाव घेतो. दोन्ही फाइली लागोपाठ ठेवल्या आहेत. मला शब्दांवाली जास्त आवडते. रियाज म्हणून बघितलं तर बिनशब्दांची घोटीव आहे, पण या विषयाला घोटीवपणा कशाला हवा?

त्याच १९६० च्या रेकॉर्डवर अजून एक मजा आहे. स्टुडिओत श्रोते कुणी नव्हते. तरी मिंगस सुरुवातीला लोकांना बजावतो की टाळ्या वाजवू नका, ग्लासातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याचा आवाज नको. क्लबमध्ये वाजवताना त्याने जे सोसलं होतं ते सगळं बाहेर आलं. चौघेच जण आहेत, पियानोसुद्धा नाही. 'व्हॉट लव्ह'मध्ये एरिक डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट आणि मिंगसचा बेस, दोघंच एकमेकांशी बोलतात. डॉल्फी बँड सोडून निघाला होता, त्यावरूनच हे भांडण चाललंय असं जाणकार सांगतात. एक समजावतोय, दुसरा तोडून बोलतोय, मग दोघं एकदमच. एक शब्द नाही, पण घरातलं भांडण ऐकल्यासारखी मी अवघडून बसले होते.

बसवायची त्याची पद्धत तुम्हाला आवडेल. १९५६ च्या 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस'पासून त्याने वादकांना कागद देणं बरंचसं बंद केलं. पियानोवर वाजवून दाखवायचा, गाऊन दाखवायचा, आणि त्यांनी कानाने उचलायचं. स्वतःला नोटेशन उत्तम येत होतं, म्हणजे नाइलाज म्हणून नव्हे. कागदावर वाचलेलं आणि अंगात मुरलेलं वाजवताना वेगळं ऐकू येतं, एवढंच त्याचं म्हणणं. लगेच आपलं गुरु-शिष्याचं इथे आणायचा मोह होतो, पण तो आवरा. मिंगसचे शिष्य त्याच्याशी वाद घालायचे, सोडून जायचे, आणि त्याला तेही वादनात हवं असायचं.

'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' मात्र आत्ता ऐकू नका. २० जानेवारी १९६३ ला अकरा वादकांनी ध्वनिमुद्रित केलेली, नृत्यासाठी म्हणून कल्पिलेली एक सलग मोठी रचना आहे. नंतर टेप कापून जोडून, वरून आणखी वादन चढवून ती घडवली. कव्हरवरचं टिपण लिहायला त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगितलं, आता बोला! माझ्या मते हीच त्याची सगळ्यात थोर रेकॉर्ड, पण पहिल्या बैठकीत नुसता गोंगाट वाटेल. तिच्यात अल्टो सॅक्सोफोनवर जो विव्हळतो तो चार्ली मारियानो. हा गृहस्थ पुढे नागस्वरम् (दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य) शिकला आणि बंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या मंडळींबरोबर रेकॉर्डी केल्या. मिंगसच्या तालमीतून निघालेल्या दोघांचे पाय आपल्याकडे वळले, यात काही अर्थ शोधू नये, पण मला बरं वाटतं.

मधल्या वर्षांचं फार टाकलेलं नाही. १९७७ मध्ये त्याला एएलएस हा मज्जातंतूंचा, हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार असल्याचं निघालं. हात गेले. जानेवारी १९७८ मध्ये स्टुडिओत त्याच्या दोन शेवटच्या रेकॉर्डी झाल्या, त्यांत बेस दुसऱ्यांनी वाजवलाय. हा चाकाच्या खुर्चीत बसून करवून घेत होता. लिहिता येईना, पियानोवर बोटं चालेनात, तेव्हा तो टेपरेकॉर्डर पुढे घेऊन गात राहिला. नवीन रचना, तोंडाने, आणि ऐकून दुसऱ्यांनी लिहून घ्यायच्या. ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत गेला, छप्पन वर्षांचा. अस्थी गंगेत सोडायच्या ही त्याची इच्छा, आणि बायको स्यू ती पुरी करायला भारतात येऊन गेली. त्याच्या कागदांत 'एपिटाफ' नावाची चार हजारांवर मापांची (माप म्हणजे ठेक्याचा एक छोटा खंड) रचना सापडली, दोन तासांहून मोठी. ती न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये सबंध वाजली, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

बाबा, आता मुख्य काम. हाताला कंप सुरू झाल्यापासून तुम्ही तबला गवसणीत बांधून कपाटावर ठेवलात आणि "आता संपलं" म्हणालात. डॉक्टरांशी मी वाद घालणार नाही. पण पढंत करायला, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणायला, हात लागत नाहीत. गुरुजींच्या तबल्याच्या रचना, ते कायदे आणि रेले, तुमच्या वहीत अर्धेच आहेत, उरलेले तुमच्या तोंडात. दादाला ते येत नाहीत, मला तर नाहीतच. रोज एक बोला. आई, व्हॉट्सॲपवरचं माइकचं बटन दाबून वर सरकवलं की धरून बसावं लागत नाही. टाळी-खाली तू दे, तुला तीनताल पक्का येतो. मध्ये खोकला आला, अडखळलं, तरी पुसू नका, तसंच पाठवा. सुरुवात त्या तिश्र जातीच्या कायद्याने करा. त्याचा तिसरा पलटा (बोल उलटसुलट करून केलेला विस्तार) समेवर कसा येतो ते मला अजून उमगलेलं नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. दिवाळीला येतेच आहे.

तुमची
धाकटी

ता. क. आई, फॉबसची शब्दांवाली फाइल रात्री दहानंतर लावू देऊ नकोस. दोघं बरेच ओरडतात, शेजारचे काका विचारायला येतील.