साउथपॉ पिक्चर, आमची भाची आणि बॉक्सिंगचे सर

सर, नमस्कार,

तुम्ही म्हणाल समोर भेटतो तेव्हा तोंडातनं शब्द निघत नाही आणि इथं सगळ्यांसमोर एवढं लांबलचक पत्र. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे असू दे, पोरीला साडेपाचला पाठवा" म्हणून विषयच संपवताय, त्यामुळं इथं लिहितोय, आता वाचावंच लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची ताई गेली, आजारपण होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. मागं राहिले दाजी आणि आठवीतली भाची. दाजी एकदम गप्प झाले आणि पोरगी उलट, शाळेत कुणी काय बोललं की डायरेक्ट हात उचलायची, एका पोराचं नाक फुटलं तेव्हा शाळेनं दाजींना बोलावलं आणि दाजी तिथंपण गप्पच बसून परत आले. आमच्या कोल्हापुरात पोरगं मारामाऱ्या करायला लागलं की तालमीत घालतात, पोरीचं काय करायचं कुणाला सुचेना. मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, मिलिटरीतनं रिटायर झालेत, बॉक्सिंग शिकवतात, पोरीपण येतात म्हणून. त्यावर आईचं पहिलं वाक्य, "आधीच मारामाऱ्या करतीय आणि तुम्ही तिला अजून शिकवायला निघालाय?"

आणि तुम्ही तर तिला ग्लोव्हजच दिले नाहीत. फरशीवर खडूनं रेघ मारली, डावा पाय पुढं, उजवा मागं, पुढं सरकायचं, मागं सरकायचं, पाय एकमेकांत येऊ द्यायचे नाहीत. रोज घरी येऊन चिडायची, मामा ते नुसतं चालायलाच शिकवतात. पण शाळेतनं तक्रारी यायच्या कमी झाल्या, हे आईनं आमच्या सगळ्यांच्या आधी बघितलं.

पण हे पत्र खरं तर पिक्चरसाठी आहे. तुम्ही एकदा सहज म्हणालात, साउथपॉ नावाचा इंग्लिश पिक्चर आहे, 2015 चा, तिला दाखवायचाय, पण मी असताना बघा, एकटं बसून बघू नका. मला वाटलं मोटिव्हेशनल काहीतरी असेल, घाम गाळतोय, पायऱ्या चढतोय टाईप. मग तुम्ही आलात आणि आधी दाजींना बाहेर कट्ट्यावर नेऊन पिक्चरची स्टोरी सांगितलीत. आजकाल स्पॉयलर दिला की लोक भांडायला उठतात, पण सर, मला विचाराल तर सगळ्यात मोठे आभार त्या स्पॉयलरचेच आहेत. बिली होप नावाचा चॅम्पियन बॉक्सर आहे, सुरुवातीलाच त्याची बायको मॉरीन गोळी लागून जाते, एका हॉटेलच्या लॉबीत, त्याच्याच भांडणात, आणि मग त्याची पोरगीपण सरकार काढून घेतं. हे सगळं दाजींना आधी सांगून तुम्ही विचारलंत की बसणार का, नसेल बसायचं तर आपण फिरून येऊ, पिक्चर कुठं पळून जात नाही. वर्षश्राद्धापर्यंत एवढे पाहुणे येऊन गेले, पण दाजींना असं सरळ कुणी विचारलं नव्हतं.

दाजी बसले. लॉबीचा सीन जवळ आला तसं तुम्ही नुसतं त्यांच्याकडं बघितलं, ते उठले, आत जाऊन चहा टाकला. आम्ही बघितला तो सीन. पटकन मरत नाही ती बाई, धक्काबुक्की चाललीय, गोळी सुटते, बिलीला काही क्षण कळतच नाही काय झालं, मग ती खाली बसते आणि तो तिला धरतो. भाची माझ्या आईला चिकटून बसलेली, पण डोळे झाकले नाहीत तिनं. चहा आला तेव्हा पिक्चर पुढं गेलेला.

आता या पिक्चरबद्दल लोकांची मतं काय आहेत ते मी नंतर बघितलं आणि आमच्या ग्रुपवरपण भांडणं झाली. निम्म्या लोकांचं म्हणणं, तीच ती स्टोरी, हिरो वर असतो, खाली पडतो, कडक म्हातारा कोच भेटतो, गाण्यावर ट्रेनिंग होतं, शेवटी जिंकतो, यात नवीन काय. दुसरे म्हणतात स्टोरी जाऊ दे, बिलीचं काम करणाऱ्या जेक जिलनहालला बघ. त्यात खोटं काही नाही, 2014 च्या नाइटक्रॉलर पिक्चरमध्ये हाच माणूस गालफडं बसलेला, काटकुळा, आणि लगेच पुढच्या वर्षी हा असा बैलासारखा, त्यासाठी टेरी क्लेबन नावाच्या ट्रेनरकडं महिनोन्महिने खरं बॉक्सिंग शिकला. हा रोल सुरुवातीला रॅपर एमिनेमला डोक्यात ठेवून लिहिलेला हेपण मला नंतर कळलं, शेवटी त्याची फक्त गाणी राहिली. म्युझिक जेम्स हॉर्नरचं, टायटॅनिकवाला, आणि पिक्चर रिलीज व्हायच्या महिनाभर आधी तो विमान अपघातात गेला.

माझं मत विचाराल तर स्टोरी घिसीपिटीच आहे आणि ते मी अजून मागं घेत नाही. जिममधला तो हॉपी नावाचा छोटा पोरगा, आईला वाचवायला जातो आणि बापाच्या हातनं मरतो, एवढी मोठी गोष्ट आणि आपल्याला नुसती तोंडी कळते, पाच मिनिटांत विषय संपला. मॅनेजरचं काम फिफ्टी सेंटनं केलंय, तो पैशाच्या मागं पळणार हे पहिल्या सीनपासून कळतं. तुम्ही स्वतःच हसत होतात की एवढे ठोसे तोंडावर खाल्ल्यावर खऱ्या मॅचमध्ये रेफरी कधीच थांबवेल, डॉक्टर आत येईल.

पण तुम्ही जे रिमोट हातात घेऊन दाखवलंत ते मला एकाही रिव्ह्यूत सापडलं नाही. पहिली मॅच, मॅडिसन स्क्वेअर गार्डनची, तिथं तुम्ही पिक्चर थांबवला आणि भाचीला विचारलं, "त्याचा उजवा हात कुठाय?" ती म्हणाली छातीपाशी. "आणि कुठं पाहिजे?" तिनं न बोलता स्वतःचा हात उचलून हनुवटीला लावला. मग तुम्ही परत सुरू केलं, परत थांबवलं, बघ आता मार खाल्ला, बघ आता राग आला, आता बघ कसा तुटून पडतो. म्हणजे हा माणूस मार खाल्ल्याशिवाय लढूच शकत नाही, राग यायला त्याला आधी रक्त लागतं, आणि त्याची बायको नेमकं यालाच घाबरत होती. मी तो सीन एकट्यानं बघितला असता तर म्हणालो असतो वा काय डेअरिंग आहे.

मग फॉरेस्ट व्हिटकरचा टिक विल्स येतो, एका डोळ्यानं अधू, जिममध्ये गल्लीतली पोरं शिकवणारा, तो या चॅम्पियनला आधी झाडू मारायला लावतो आणि मग खांदा शिकवतो. तुम्ही हॉलमध्ये उभं राहून करून दाखवलंत, डावा खांदा वर, हनुवटी त्याच्या मागं, डावा हात खाली पोटावर, उजवा गालापाशी, समोरच्याचा ठोसा आला की खांद्यावर घ्यायचा आणि कमरेतनं वळून सोडून द्यायचा. आई म्हणाली अगंबाई, लेझमीसारखं वळतंय की. तुम्ही म्हणालात पिक्चरमध्ये कोण काय बोलतंय याकडं लक्षच देऊ नका, हातांकडं बघा, माणूस सुधारलाय का ते हात कुठं आहेत त्यावरनं कळतं. आणि खरंच, शेवटच्या मॅचला, लास वेगासला, समोर तोच एस्कोबार ज्याच्याबरोबरच्या भांडणात बायको गेली, तो घाणेरडं काहीतरी बोलतो, आणि मला वाटलं आता हा परत पहिल्यासारखा तुटून पडणार. एक राउंड चिडतोयपण. पण परत हात वर येतात, खांदा परत येतो. पिक्चरमध्ये मला खरा वाटलेला बदल तेवढाच, बाकीचे रडायचे सीन मला थोडे जास्तच वाटले.

आणि अगदी शेवटी तो उभं राहायची पद्धतच बदलतो, उजवा पाय पुढं, डावा हात मागं भरलेला, आणि मागनं डाव्याचा अपरकट, म्हणजे खालनं वर हनुवटीवर ठोसा. भाची ओरडली, "सर हा पाय चुकला!" तुम्ही एवढे हसलात. मग तिला समजावलंत की साउथपॉ असंच उभं राहतात, आपली मेरी कोमपण साउथपॉच, समोरच्याला सवय उजव्या हाताच्या मोठ्या ठोशाची असते आणि इथं तो दुसऱ्या बाजूनं येतो म्हणून दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात आरशासमोर दोन्ही पायांनी प्रॅक्टिस चालू झाली, कपाटाचा आरसा कसा वाचलाय आम्हालाच माहीत.

पिक्चरमध्ये कॉमेंट्री करणाऱ्या रॉय जोन्स ज्युनियर या अमेरिकन बॉक्सरवर तुम्ही अर्धा तास बोललात तो तर वेगळाच विषय. 1988 ची सोल ऑलिम्पिकची फायनल, यानं 86 ठोसे मारले, कोरियाच्या पार्क सी हुननं 32, आणि जजेसनी 3-2 नं पार्कला जिंकवलं, आणि वर त्याच स्पर्धेतला बेस्ट बॉक्सर म्हणून ट्रॉफी जोन्सलाच. त्या भानगडीनंतर 1992 पासून ऑलिम्पिकला ठोसे मोजायला जजेसनी बटणं दाबायची मशीन आली आणि मग तीपण गेली. भाचीनं विचारलं, मग त्यानं खेळणं सोडलं का? तुम्ही म्हणालात नाही, प्रो झाला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्यावर ती काही बोलली नाही, पण वहीच्या मागच्या पानावर 86 आणि 32 लिहिलेलं मी बघितलंय.

दाजींचं मत राहिलंच की. ते बॉक्सिंगबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पिक्चर संपल्यावर कप उचलता उचलता म्हणाले, "त्या माणसानं बायको होती तोवर एक कागद वाचला नव्हता." बस. तुम्ही गेल्यावर रात्री त्यांनी ताईचं ते कापडी पाकीट काढलं, गॅसचं बुक, शाळेच्या फीच्या पावत्या, पोरीचं लसीकरणाचं कार्ड, सगळं खाली पसरून बसले आणि भाची शेजारी बसून कुठलं काय ते सांगत होती, कारण तिला माहीत होतं, ताईनं तिला दाखवून ठेवलेलं. पिक्चरमध्ये बिलीची पोरगी लायला बापाला भेटायलाच नको म्हणते, त्याला मारते, मरायला तू पाहिजे होतास म्हणते, तो सीन या दोघांनी शेजारी बसून बघितलेला सर. त्यावर दोघं काय बोलले, बोलले का नाही, मी विचारलेलं नाही आणि विचारणारपण नाही. पण कागद त्या रात्री निघाले.

मित्र म्हणतात अरे असल्या पिक्चरवर एवढं काय लिहितोस, पाचपैकी अडीच स्टार. द्या अडीच, माझेपण फार तर तीन. आम्हाला नुसता पिक्चर मिळाला नव्हता, बरोबर रिमोट धरायला माणूस मिळाला होता. शिव्या एवढ्या आहेत त्यात की आईला इंग्लिश येत नाही ते बरं, आणि जिथं भाचीला कळतील असं वाटलं तिथं तुम्ही नेमका आवाज कमी करून खोकलात तेपण आमच्या लक्षात आलंय. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना हा पिक्चर असाच लावून देऊ नका हे मात्र बाकीच्यांना सांगतो, शेजारी कुणीतरी बसा.

अजून एक. पिक्चरमध्ये निकाल स्प्लिट डिसिजननं लागतो, तीनपैकी एक जज एस्कोबारला देतो. मी म्हणालो शेवटच्या राउंडला खाली पाडलाय, वाद कसला. तुम्ही म्हणालात तो राउंड 10-8, म्हणजे पाडणाऱ्याला दहा पॉइंट आणि पडणाऱ्याला आठ, पण आधीचे अकरा कोण मोजणार, आणि मग तुम्ही आणि भाची कागद-पेन घेऊन परत सगळे राउंड मोजायला बसलात आणि तुमचे दोघांचे आकडे जुळले नाहीत. तिचं म्हणणं अजून तेच आहे की तुम्ही पाचवा राउंड चुकीचा दिलाय. मी मध्ये पडत नाही.

जिल्ह्याच्या मॅचच्या फॉर्मवर दाजींची सही अजून झालेली नाही. फॉर्म टीव्हीजवळ ठेवलाय, येता जाता बघतात. हेडगार्ड असतं का, दात तुटतात का, किती मिनिटांचा राउंड, एवढं विचारून झालंय. तुम्ही एकदापण घाई केली नाही, त्याचेपण आभार यातच धरा.

आणि सर, रविवारी जेवायला यायचंच आहे, तांबडा-पांढरा केलाय म्हणून आईचा निरोप आहे. फक्त जेवताना पोरीच्या वजन गटाचा विषय काढू नका, मागच्या वेळी काढलात तर आई अजून मला बोलतीय.

तुमचा,
पोरीचा मामा